नदीचे मूळ, ऋषीचे कूळ आणि मांजराचा दाखला



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ह्या म्हणीत शहाणपण आहे, तशी थोडी सोयही आहे. मूळ शोधू गेले असता कधी कधी नको ते हाती लागते, तेव्हा तिकडे वळूच नये, ही ती सोय होय. परंतु जेथे वस्तूची किंमतच तिच्या मुळावर ठरते, तेथे काय करावे? आज आम्ही हा प्रश्न एका लहानशा मांजराच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण शेवटपर्यंत वाचल्यास तो आपल्या उंबरठ्याच्या आत येतो, असे आढळून येईल.

इंदूर शहरात रेल्वे स्थानकाजवळ सियागंज नावाची किराणा मालाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. तेथे मालाच्या नावाआधी गावाचे नाव ऐकू येते. हळद सांगलीची की सेलमची, मिरची गुंटूरची की ब्याडगीची, जिरे उंझ्याचे की आणखी कोठले, हे विचारल्यावाचून सौदा होत नाही. गाव बदलले की भाव बदलतो. आणि तरीही ह्याच बाजारात गावाचे नाव किती फसवे असते, हेही पाहावयास मिळते. ज्या टपोऱ्या पांढऱ्या हरभऱ्यास आपण काबुली म्हणतो, तो माळव्याच्या काळ्या जमिनीत मुबलक पिकतो, आणि इंदूरचे व्यापारी त्यास ‘डॉलर चना’ म्हणतात. नाव काबूलचे, माती माळव्याची आणि टोपणनाव अमेरिकेच्या नाण्याचे! साखरेस हिंदी बोलणारे लोक चिनी म्हणतात आणि खडीसाखरेस मिस्री. ह्या शब्दांत चीन आणि मिसर हे देश दडलेले आहेत. ऊस मात्र आपल्याच शेतातला. नाव हा काही जन्माचा दाखला नव्हे.

ह्याच बाजारात, पोत्यांच्या थप्प्यांच्या आडोशाने, मांजरेही वावरतात. त्यांस कोणी त्यांचे गाव विचारीत नाही. ज्या मांजरामुळे पोत्याचा कोपरा उंदरांपासून वाचला, ते मांजर चांगले, एवढीच तेथील परीक्षा. मांजर आणि मनुष्य ह्यांची सोयरीकच मुळी धान्याच्या कोठारापाशी जुळली, असे विद्वान मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी मनुष्याशेजारी पुरलेले मांजर सापडले. त्याचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसून आले की, जगातील सर्व पाळीव मांजरे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया ह्या भागांतील एकाच रानमांजराच्या वंशातील आहेत. म्हणजे सियागंजच्या गोदामातील बोका आणि लंडनच्या प्रदर्शनात मखमली गादीवर बसलेली मांजरी हे एकाच घराण्याचे होत.

असे असले तरी मनुष्याने मांजरांतही जातिवंत आणि बिनजातीचे असा भेद केला. इंग्लंडात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १३ जुलै १८७१ रोजी मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून ही हौस वाढत गेली. मांजरांच्या संघटना स्थापन झाल्या, वंशावळीच्या वह्या उघडल्या गेल्या, आणि ज्या मांजराचे आईबाप, आजेआजी, पणजेपणजी वहीत नोंदलेले आहेत, ते जातिवंत ठरू लागले. अशा मांजरास दाखला मिळतो, आणि दाखल्यास दाम मिळतो.

आमच्या आजच्या कथेची नायिका ‘सिंगापुरा’ ह्या जातीची आहे. जातिवंत मांजरांत हिची गणना सर्वांत लहान चणीच्या मांजरांत होते. मादीचे वजन दोन ते अडीच किलोच्या आसपास, नराचे तीन ते साडेतीन. अंग भरीव, डोळे मोठे, कानही मोठे, आवाज मृदू. स्वभाव चौकस असून हिला माणसाचा सहवास फार प्रिय असतो, असे पाळणारे सांगतात. रंग एकच: जुन्या हस्तिदंतासारखा फिकट पिवळसर, आणि त्यावर गडद तपकिरी झाक. तिचा प्रत्येक केस निरखून पाहिला तर त्यावर एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे दिसतात. आपल्या शेताच्या बांधावरून पळणाऱ्या मुंगसाचा केस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ह्याची कल्पना येईल.

ह्या जातीची जन्मकथा प्रथम अशी सांगितली गेली. हॅल मेडो आणि टॉमी मेडो हे अमेरिकन दांपत्य काही काळ सिंगापुरात राहिले. १९७५ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी तपकिरी रंगाची तीन लहान मांजरे बरोबर नेली. त्यांची नावे टेस, टिकल आणि पुसे. ही सिंगापूरच्या रस्त्यांवरील, गटारांच्या आडोशाने राहणारी मांजरे असून निसर्गानेच घडविलेली एक वेगळी जात आहे, असे सांगण्यात आले. १९८० च्या सुमारास सिंगापुरातील प्राणिदया संस्थेच्या निवाऱ्यात एका मांजरपालकास तशाच रूपाचे आणखी एक मांजर मिळाले. तेही अमेरिकेस नेऊन ह्याच वंशात मिसळण्यात आले. अमेरिकेतील कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन ह्या मोठ्या संघटनेने १९८२ मध्ये ह्या जातीची नोंद घेण्यास आरंभ केला. गटारातील अनाथ पोर राजवाड्यात पोहोचावी तशी ही कथा. लोकांस ती फार आवडली.

पुढे १९८७ मध्ये जेरी मेयस नावाचे दुसरे एक अमेरिकन मांजरपालक नव्या मांजरांच्या शोधात सिंगापुरास गेले. तेथील आयातीची कागदपत्रे पाहता त्यांस निराळीच गोष्ट आढळली. ज्या तीन मांजरांपासून ही जात निर्माण झाली, ती १९७५ मध्ये सिंगापुरातून बाहेर गेली हे खरे. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, ती अमेरिकेतूनच सिंगापुरात आली होती! ज्या सुनेस आपण परगावची म्हणून मिरवीत आणली, ती आपल्याच आळीतून गेली होती असे कळावे, तसा हा प्रकार झाला.

टॉमी मेडो ह्या पूर्वी अबिसिनियन व बर्मी ह्या दोन जातींची मांजरे वाढवीत असत. त्यामुळे लोकांचा संशय बळावला. अबिसिनियन मांजराच्या अंगी केसांवरील पट्टे असतात आणि बर्मी मांजराच्या अंगी तो तपकिरी रंग असतो. दोहोंचा संकर करून काही पिढ्या निवड करीत गेल्यास जे मांजर निपजेल, ते दिसावयास बहुतांशी सिंगापुरासारखेच असेल, असे टीकाकार म्हणू लागले. मेडो दांपत्याने ह्यावर खुलासा केला. हॅल मेडो हे १९७१ मध्ये एका गुप्त व्यावसायिक कामगिरीवर सिंगापुरास गेले असता त्यांनी तेथील चार मांजरे अमेरिकेस धाडली होती. वादातील तीन मांजरे ही त्या चारांची नातवंडे होत. आणि कामगिरी गुप्त असल्यामुळे ही हकीकत पूर्वी सांगता आली नाही, असे त्यांचे म्हणणे. असोसिएशनने चौकशी केली, गैरप्रकार आढळला नाही असा निर्वाळा दिला आणि ही जात नैसर्गिकच आहे हे आपले मत कायम ठेवले. १९८८ मध्ये सिंगापुरास अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्थान मिळाले.

वाद येथे मिटावयास हवा होता, पण मिटला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे न्यायाने मांडू.

टीकाकार म्हणतात: पहिली कथा अपुरी होती, मग दुसरीवर विश्वास का ठेवावा? चार आजेआजींचा कागद कोठे आहे? शिवाय २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २२ जातींची आणि पाच खंडांतील रस्त्यावरच्या मांजरांची मिळून अकराशेंहून अधिक मांजरे तपासली गेली. त्यात सिंगापुरा हे जनुकांच्या कसोटीवर बर्मी मांजराहून फारच थोडे निराळे ठरले. मग स्वतंत्र जात कोठे राहिली?

कैवारी म्हणतात: पट्टेदार केस ही काही अबिसिनियन मांजराची मिरास नव्हे. तशी मांजरे सिंगापुरात, मलायात, श्रीलंकेतही रस्तोरस्ती आहेत. तपकिरी रंगाचे म्हणाल, तर बर्मी जात तरी कोठून आली? १९३० मध्ये डॉक्टर जोसेफ थॉम्पसन ह्यांनी ब्रह्मदेशातील वाँग माऊ नावाची एक मांजरी सॅन फ्रान्सिस्कोस आणली. तिच्यापासूनच तेथील बर्मी जात वाढली. ब्रह्मदेश आणि सिंगापूर ही एकाच टापूतील ठिकाणे. एका टापूतील दोन मांजरांचे रक्त जुळले तर त्यात नवल कसले? आणि प्राणिदया संस्थेच्या निवाऱ्यातून आलेले ते चौथे मांजर तर निःसंशय सिंगापूरचे होते.

वाचकांच्या लक्षात आले असेलच की, एकाच पुराव्याचे दोन अर्थ लागतात. पट्ट्यांचे कारण असलेले जनुक शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये शोधून काढले. पण जनुक एवढेच सांगते की हा गुण येथे आहे. तो कोणत्या बोटीने आला हे सांगत नाही. रक्त तपासून नाते कळते, प्रवास कळत नाही. प्रवास कळण्यास माणसाने वेळीच लिहून ठेवलेला खरा कागद लागतो. आणि ह्या प्रकरणात नेमका तोच दुबळा निघाला.

ह्या वादात अबिसिनियन मांजराचे नाव वारंवार येते. त्याचे स्वतःचे कूळ तरी निर्वेध आहे काय? ती कथा तर आपल्या मुंबईच्या बंदरापाशी येऊन पोहोचते.

अबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट थिओडोर ह्याने काही युरोपियनांस कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी इंग्रजांनी १८६७ मध्ये मोहीम काढली. सेनापती होते सर रॉबर्ट नेपियर. १८५८ मध्ये तात्या टोपे ह्यांचा पाठलाग करणाऱ्या इंग्रज सेनानींपैकी हेही एक. मोहिमेची तयारी मुंबईत झाली. सुमारे तेरा हजार सैनिक आणि तोफा वाहण्यासाठी चव्वेचाळीस हत्ती घेऊन ही फौज तांबड्या समुद्राच्या काठी झुला ह्या ठिकाणी उतरली. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला किल्ला पडला आणि सम्राटाने आत्मघात करून घेतला. युद्ध संपल्यावर एका इंग्रज कप्तानाच्या पत्नीकडे तेथील एक मांजर आले. त्या बंदराच्या नावावरून मांजराचे नाव झुला असे पडले. १८७४ मध्ये गॉर्डन स्टेबल्स ह्यांच्या मांजरांवरील पुस्तकात झुलाचे चित्र व वर्णन आले, आणि अबिसिनियन हे नाव रूढ झाले.

आता गंमत पाहा. हॉलंडमधील लायडन येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात पेंढा भरलेले एक मांजर आहे. त्याचे केस अबिसिनियन मांजरासारखेच पट्टेदार. ते संग्रहालयाने १८३४ ते १८३६ ह्या काळात, म्हणजे मगदालाच्या युद्धाच्या तीस वर्षे आधी, घेतले; आणि त्याच्या चिठ्ठीवर देश म्हणून भारताचे नाव लिहिलेले आहे. पुढे जनुकांच्या तपासणीतही अबिसिनियन मांजराचे नाते हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील मांजरांशी जवळचे दिसून आले. इंग्रजांची गलबते ह्या किनाऱ्यांवरून सदैव ये-जा करीत. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या धक्क्यावरील एखादे मांजर जहाजाबरोबर विलायतेस गेले असेल, आणि युद्ध गाजत असल्यामुळे त्यास अबिसिनियाचे नाव चिकटले असेल, असा तर्क त्यामुळे बळावतो.

आमच्या कोकणातील वाचकांस ह्यात आणखी एक मौज वाटेल. जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे अबिसिनियाकडील, म्हणून आपण त्यांस हबशी म्हटले आणि त्यांच्या मुलखास हबसाण. ते शतकानुशतके येथे राहून कोकणचे झाले. म्हणजे हबसाणातला माणूस कोकणी झाला, आणि आपल्या किनाऱ्यावरचे मांजर, वरील तर्क खरा असल्यास, हबशी झाले! समुद्र असा सर्वांची मुळे मिसळीत असतो, आणि मग माणसे वही उघडून ती निवडीत बसतात. इराणचे म्हणून मिरविणारे पर्शियन मांजर तर २००८ च्या त्याच अभ्यासात पश्चिम युरोपातील मांजरांच्या पंक्तीस बसलेले आढळले. काबुली चण्याची गोष्ट मांजरांतही आहेच.

येथवर आम्ही मुळाविषयी बोललो. पण जातीच्या शुद्धतेपायी मांजरास काय मोजावे लागते, ही गोष्ट मुळाहून महत्त्वाची आहे.

साधा हिशेब करून पाहा. प्रत्येक जिवास दोन पालक, चार आजेआजी, आठ पणजेपणजी. असे दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या १०२४ जागा भरावयाच्या असतात. ज्या जातीचा संसार मूठभर मांजरांवर उभा राहिला, तीत ह्या जागा कोणी भरावयाच्या? तीच तीच नावे फिरून येणार. बाप आणि आई ह्यांच्या रक्तात एकच दोष लपलेला असला, की तो पिल्लात उघडा पडतो. वर सांगितलेल्या अभ्यासात सर्वांत कमी जनुकीय विविधता असलेल्या जातींत सिंगापुरा आणि बर्मी ह्यांची नावे आहेत. अबिसिनियन आणि सिंगापुरा ह्या दोन्ही जातींत एक आनुवंशिक रोग आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात आणि मांजर पांढरे पडत जाते. सिंगापुरा मांजरीत प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावत नाही, असेही कधी कधी घडते. मग पोट चिरून पिल्ले काढावी लागतात. सियागंजच्या बोळातील मांजरीस दाखला नाही. पण तिच्या पिल्लांस बाप मिळाला तो तिने स्वतः निवडलेला, दूरच्या गल्लीतून आलेला. तिची उपासमार होते, गाडीखाली ती सापडते, हे खरे. मात्र रक्त आटण्याची शिक्षा तिला कोणी दिलेली नाही.

ह्या बाबतीत ख्रिस्तसभेचा अनुभव जुना आहे. विवाहापूर्वी वधूवरांचे नाते तपासणे हे आम्हां धर्मगुरूंचे कर्तव्यच होय. सख्खे चुलत, मामे, आते, मावस भाऊबहीण ह्यांच्या विवाहास आजही धर्मविधींच्या संहितेत अडथळा आहे. रीतसर मोकळीक मिळाल्यावाचून तो विवाह लावता येत नाही. मध्ययुगात ही मर्यादा सातव्या पायरीपर्यंत ताणलेली होती. ती पाळणे लोकांस दुर्घट झाले, म्हणून १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने ती चौथ्या पायरीवर आणली. घर फार जवळचे नको आणि नियम अशक्यही नको, असा हा तोल. मामाच्या मुलीवर हक्क सांगण्याची जी रूढी आपल्या प्रांतात काही समाजांत आहे, तिच्यापुढे ख्रिस्तसभेने बांध घातला, तो मुख्यतः कुटुंबातील नात्यांचे पावित्र्य राखण्यासाठी. पण रक्तालाही त्याचा लाभ झाला. ‘आपल्यातच द्यावी, आपल्यातूनच करावी’ असा ज्यांचा हट्ट असतो, त्यांनी मांजरांच्या वहीवर एक दृष्टी टाकावी.

वाचकहो, आता उंबरठ्याच्या आत येऊ.

आम्हीही एक वही सांभाळतो. स्नानसंस्काराच्या ह्या नोंदवहीत बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे, धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे, असे रकाने असतात. बहुतेक ओळी भरलेल्या असतात. क्वचित एखाद्या ओळीत वडिलांचा रकाना कोरा असतो. पाळण्यात सोडलेल्या बालकाच्या बाबतीत आईचाही रकाना कोरा राहतो. जे ठाऊक आहे ते लिहावे, जे ठाऊक नाही तेथे कल्पनेने काही भरू नये, हा वहीचा धर्म होय. कोणाची लाज झाकण्यासाठी आम्ही तेथे बनावट नाव घातले, तर तो आजचा उपकार त्या बालकास उद्या महाग पडेल. कारण त्याच वहीवरून पुढे त्याच्या विवाहातील नाते तपासले जावयाचे असते. सिंगापुरा मांजराच्या प्रकरणातून आम्ही हाच बोध घेतो. पहिल्याच दिवशी पूर्ण हकीकत लिहिली गेली असती, तर त्या मांजराचा डोळा तसूभरही लहान झाला नसता, की आवाज कर्कश झाला नसता. मोकळा राहिलेला रकाना विश्वासाचा घात करीत नाही. सजवून भरलेला करतो.

परंतु ह्याच नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हांस अधिक टोचते. अनाथाश्रमात वाढलेल्या, शिकलेल्या, कष्टाळू मुलींची स्थळे ‘घराणे ठाऊक नाही’ एवढ्याच कारणावरून परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. मुलीत काही न्यून होते काय? नाही. तिच्या हातचे काम, तिची भाषा, तिची भक्ती, सर्व पसंत. फक्त वहीतील एक रकाना नापसंत. जे घराणे मुलीस असे परत पाठविते, त्याने आपल्या चार पिढ्यांपलीकडील कागद दाखवावे, असे कधी कधी म्हणावेसे वाटते. चार पिढ्यांपलीकडे आपण सारेच निवाऱ्यातली मांजरे आहोत. संत मत्तयाने आपल्या तारकाची वंशावळ लिहिली, ती लाज झाकण्यासाठी सजवून लिहिली नाही. तामार, राहाब, मवाबी रूथ, उरियाची बायको, ज्यांची नावे दुसऱ्या कोणी झाकली असती, त्यांचा उल्लेख त्याने पहिल्याच पानावर केला. वंशावळ कशी लिहावी आणि कशासाठी लिहावी, ह्याचा तो धडा आहे.

सिंगापूरच्या लोकांनी ह्या बाबतीत मोठे मन दाखविले असे आम्ही म्हणू. मुळाविषयीचा वाद कानांवर असतानाही १९९१ मध्ये तेथील पर्यटन मंडळाने ह्याच मांजरास आपल्या नगरीचे प्रतीक केले. नाव ठेवले ‘कुचिंता’. मलाय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर आणि चिंता म्हणजे प्रेम. आपल्या भाषेतील चिंता निराळी. पण प्रेमाच्या पाठोपाठ ती येतेच, तेव्हा हे नाव आपल्यासही परके वाटू नये. नदीकाठी ह्या मांजरांच्या लहान मूर्तीही बसविल्या गेल्या. ते मांजर कोठून आले ह्याचा निकाल लागला नाही. ते आपले आहे, एवढे त्यांनी ठरविले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. शहरात नोकरीस गेलेली आपली मुले हल्ली जातिवंत मांजर विकत घेण्याची हौस करतात. हौसेस आमचा विरोध नाही. मात्र दाखल्यावरील लांबलचक नावे वाचण्याआधी त्यांनी पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. आईबापांची आनुवंशिक रोगांसाठी तपासणी झाली आहे काय हे विचारावे. दोघांचे आजेआजी तेच तर नाहीत ना, ह्याची खात्री करावी. तीन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये आणि लसी टोचून घ्याव्यात. आणि हे सारे करण्याइतके पैसे गाठीस नसतील, तर दारी आलेल्या बिनदाखल्याच्या पिल्लास वाटीभर दूधभात घालावा. उंदीर पकडताना ते आपले कूळ आठवीत बसणार नाही.

मांजर डोळे मिटून दूध पिते आणि जग आपणांस पाहत नाही असे समजते. मांजरास ते शोभते. वही लिहिणाऱ्याने आणि स्थळ पाहणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत: लिहिताना खरे लिहावे, म्हणून, आणि समोर उभ्या असलेल्या जिवाचे मोल कोऱ्या रकान्यावरून ठरवू नये, म्हणून.